मुंबई ते लंडन ७,२०० किलोमीटर, मग विमानाला दहा तास कसे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आई ऑगस्टमध्ये पहिल्यांदाच एकटी लंडनला चाललीये, नातवाच्या बारशाला. गूगलवर अंतर ७,२०० किलोमीटर दिसतंय, विमान ताशी ९०० नं जातं म्हणतात, म्हणजे आठ तास व्हायला पाहिजेत. पण तिकिटावर जाताना १० तास आणि येताना ९ तास लिहिलंय. आणि नुसती घड्याळं बघितली तर मुंबईहून दुपारी १:३० ला निघून लंडनला संध्याकाळी ७ ला, म्हणजे साडेपाच तास, आणि परत येताना रात्री ९:१५ ला निघून मुंबईत सकाळी १०:४५ ला, म्हणजे साडेतेरा तास. यातलं खरं कुठलं?

सगळंच खरं आहे हो. मी वीसेक वर्षं सहारला, म्हणजे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर, फ्लाइट डिस्पॅचमध्ये काढली. डिस्पॅचर म्हणजे कोण हे विमानात बसणाऱ्या लोकांना सहसा माहीत नसतं, तर विमान उडायच्या आधी ते कुठल्या रस्त्यानं जाणार, किती उंचीवरून जाणार, किती फ्युएल घेणार, लंडन बंद झालं तर कुठे उतरणार हे सगळं मांडून देणारा आणि त्या कागदावर कॅप्टनसोबत जबाबदारी घेणारा माणूस. त्यामुळे हा प्रश्न मला लग्नात, बारशात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, दाढी करताना सुद्धा विचारला गेलाय, आणि दरवेळी दोन वाक्यांत उत्तर देऊन मी सुटायचो, आज जरा सविस्तर लिहितो.

आधी घड्याळाचं बघू कारण आईंना प्रॅक्टिकली तेच लागणार आहे. ऑगस्टमध्ये लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. म्हणून १:३० ला निघालं, दहा तास उडालं, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे ११:३० वाजलेत, त्यातून साडेचार वजा केले की लंडनचे ७. येताना उलट, रात्री ९:१५ म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीचे १:४५, त्यात नऊ तास मिळवले की सकाळचे १०:४५. झालं. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात, त्यांची वजाबाकी करायचीच नाही, तिथे ड्युरेशन म्हणून वेगळं लिहिलेलं असतं ते बघायचं.

पण हा फरक बाराही महिने साडेचार तासांचा नसतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळ एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे, त्यामुळे हिवाळ्यात फरक साडेपाच तासांचा होतो. यावरून माझीच एक फजिती सांगतो. मी एकदा मार्चमध्ये भाच्याकडे चाललो होतो, शनिवारी मध्यरात्रीनंतरचं विमान, आणि वीस वर्षं दुसऱ्यांच्या विमानांचे टाइम काढणारा मी स्वतःसाठी मात्र साडेपाच वजा करून साडेसहाला पोचणार असा हिशेब केला, आणि त्यावर पुढच्या गावाची आठची बस बुक करून बसलो. विमान वाटेत असतानाच तिकडे घड्याळं पुढे सरकली, उतरलो तेव्हा साडेसात, इमिग्रेशनची रांग संपेपर्यंत बस गेलेली. भाचा आजही कुणी आलं की हा किस्सा सांगतो.

आता अंतर. ७,२०० हा आकडा बरोबर आहे, मुंबई विमानतळ ते लंडनचं हीथ्रो विमानतळ सरळ साधारण तेवढंच. काही साइट्सवर ४,४८० दिसेल, काहींवर ३,८९०, त्यानं गोंधळून जाऊ नका, पहिला मैलांतला आहे आणि दुसरा नॉटिकल मैलांतला, नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, विमानाचं सगळं काम त्यातच चालतं. गुणून बघा, तिन्ही एकच येतात.

पण सरळ म्हणजे काय ते नीट बघायला हवं. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मुंबई ते लंडन रेघ ओढली आणि तीच दिशा धरून गेलात तर अंतर ७,४०० च्या वर भरतं. पृथ्वी गोल आहे, नकाशा चपटा आहे, त्यामुळे जवळचा रस्ता नकाशावर वरच्या बाजूला फुगलेल्या कमानीसारखा दिसतो. घरात पोरांचा पृथ्वीचा गोल असेल तर मुंबई आणि लंडनवर बोटं ठेवून दोरा ताणून बघा, दोरा आपोआप तो रस्ता पकडतो. विमानाच्या स्क्रीनवर वाकडी रेघ बघून लोक म्हणतात पायलट लांबून घेऊन चाललाय, रिक्षावाल्यासारखा. नाही हो, तीच सरळ आहे.

आणि हा ताणलेला दोरा कुठून जातो ते बघा, कारण सगळी गोम तिथे आहे. मुंबईहून वायव्येला समुद्रावरून सौराष्ट्राची कड धरत तो जवळपास थेट कराचीच्या डोक्यावर येतो. मग बलुचिस्तान, मग इराणमध्ये शिरून तेहरानच्या थोडं पूर्वेकडून कॅस्पियन समुद्राचं दक्षिण टोक, मग कॉकेशस, आर्मेनिया-जॉर्जियाचा भाग, मग काळा समुद्र, क्रिमिया, मग अख्खा युक्रेन, आणि नंतर पोलंड-चेकची हद्द, जर्मनी करत लंडन. आता तुम्ही बातम्या बघत असाल तर कळलंच असेल. कराची, इराण, क्रिमिया, युक्रेन. जगात गेल्या दहा-बारा वर्षांत जी जी आकाशं बंद झाली त्यातली बरीचशी देवानं नेमकी आपल्या मुंबई-लंडनच्या दोऱ्यात ओवलीयेत.

क्रिमियाचा तुकडा २०१४ पासूनच लोक टाळायला लागले, त्याच वर्षी जुलैमध्ये पूर्व युक्रेनवर मलेशियाचं विमान पाडलं गेलं तेव्हापासून तर कोणी त्या बाजूला बघेना. २४ फेब्रुवारी २०२२ ला युद्ध सुरू झालं आणि युक्रेनचं अख्खं आकाश प्रवासी विमानांना बंद झालं. म्हणजे आता काळ्या समुद्राच्या खालून तुर्कस्तान, रुमानिया, हंगेरी असं जायचं. पाकिस्तानचं बघायचं तर बालाकोटनंतर २७ फेब्रुवारी २०१९ ला बंद झालं ते जुलैच्या मध्यात उघडलं, तेव्हा दिल्लीहून इस्तंबूलला जाणाऱ्या आपल्या एका विमानाला फ्युएल भरायला दोह्याला उतरावं लागायचं, कारण छोटं विमान, एवढा वळसा घालून पोचेना. आणि मग एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना पुन्हा बंद, एकेक महिन्याची मुदतवाढ देत देत. इथे एक बारीक गोष्ट, हे भारतीय कंपन्यांना बंद झालं, परदेशी कंपन्यांना नाही. म्हणजे त्याच मुंबईहून त्याच लंडनला त्याच दिवशी जाणारी दोन विमानं वेगवेगळ्या रस्त्यानं जाऊ शकतात, कंपनी कुठल्या देशाची आहे त्यावर. म्हणून तुमच्या मित्राच्या तिकिटावर ९ तास ४० मिनिटं आणि आईंच्या तिकिटावर १० तास असं दिसलं तर कोणी फसवत नाहीये.

पण या बाबतीत मुंबईकर दिल्लीकरांपेक्षा नशीबवान. दिल्ली-लंडन सरळ अंतर साधारण ६,७०० किलोमीटर, आपल्यापेक्षा ५०० नं कमी. पण पाकिस्तान टाळायचा तर दिल्लीच्या विमानाला आधी खाली गुजरातकडे उतरून मग अरबी समुद्रावरून जावं लागतं. मस्कतवरून जायचं धरून ढोबळ हिशेब केला तर दिल्ली-मस्कत-लंडन ७,७०० च्या पुढे जातं, म्हणजे हजार किलोमीटरचा भुर्दंड. मुंबई-मस्कत-लंडन मात्र ७,४०० च्या आसपास, म्हणजे फक्त दोनशे जास्त. आपण समुद्रावरच बसलोय, उंबरठ्याबाहेर पाय टाकला की अरबी समुद्र, कोणाची परवानगी काढायला नको. डिस्पॅचच्या खोलीत दिल्लीवाले कपाळाला हात लावून बसलेले असायचे तेव्हा आम्ही चहा पीत असायचो.

पण हे दोनशे कधी? इराण-इराक उघडं असेल तर. तेही बंद झालं की आपलीही चहाची वेळ गेली. १३ जून २०२५ ला पहाटे इस्रायलनं इराणवर हल्ला केला आणि काही तासांत इराण, इराक, जॉर्डन, इस्रायल सगळ्यांची आकाशं बंद. त्या दिवशी मुंबईहून लंडनला निघालेलं एक विमान वाटेतून मुंबईला परत आलं आणि लंडनहून मुंबईला येणारं एक व्हिएन्नाला उतरलं. लोक चिडतात, अर्ध्या वाटेतून परत कशाला आणता, दुसऱ्या रस्त्यानं न्या की. पण दुसरा रस्ता म्हणजे मस्कत, सौदी, इजिप्त, मग भूमध्य समुद्र ओलांडून वर युरोपात. तो जोडून बघितला तर ७,९०० च्या आसपास भरतो, आणि टाकीत फ्युएल भरलंय ते पहिल्या रस्त्याच्या हिशेबानं. या रस्त्यावरच्या बोइंग ड्रीमलायनर विमानाला तासाला ढोबळ पाच टन लागतं, पाऊण-एक तास वाढला की चार-पाच टन जास्त, ते हवेत कुठून आणणार? मग तुम्ही म्हणाल आधीच फुल्ल टँक करून का निघत नाहीत, आपण पुण्याला निघताना करतो तसं. कारण विमानात फ्युएल वाहून न्यायलाही फ्युएल जळतं, एवढ्या लांबच्या फ्लाइटला दहा टन जास्तीचं घेतलं तर त्यातलं दोन-तीन टन नुसतं ते उचलून नेण्यातच जातं. आणि विमानाच्या वजनाला मर्यादा असते, फ्युएल जास्त घेतलं तर सामान नाहीतर माणसं कमी करावी लागतात. म्हणजे कोणाच्या तरी लोणच्याच्या बरण्या मुंबईत राहणार.

अंतराचं एवढं पुरे. म्हणजे ७,२०० हा दोऱ्याचा आकडा, प्रत्यक्षात विमान ७,४०० ते ७,९०० मध्ये कुठेतरी उडतं, आणि रोजचा रस्ता रोज नव्यानं ठरतो. नोटाम नावाच्या सूचना येत असतात, कुठलं आकाश किती वाजेपर्यंत बंद, कुठे मिसाइलची टेस्ट, कुठे लष्कराचा सराव, ते सगळं वाचून रस्ता मांडायचा. काल गेलेला रस्ता आज मिळेलच असं नाही.

आता वेग. ताशी ९०० हे चूक नाही, पण अर्धवट आहे. लांब पल्ल्याची आजची विमानं आवाजाच्या वेगाच्या साधारण ८५ टक्के वेगानं जातात. वर पस्तीस-चाळीस हजार फुटांवर उणे छप्पन डिग्रीच्या थंडीत आवाजाचा वेग ताशी १,०६० किलोमीटरच्या आसपास असतो, त्याच्या ८५ टक्के म्हणजे ९०० आले. (दिल्लीला जाणारं छोटं एअरबस ३२० हेच ७८ टक्क्यांनी जातं, म्हणजे ८३० च्या आसपास, हा फरक पण लोक धरत नाहीत.) पण हे ९०० हवेच्या तुलनेत. हवा स्वतः हलत असेल तर? नदीत होडी घेऊन जाणाऱ्याला विचारा, वल्हवायची ताकद तीच, पण प्रवाहाबरोबर गेलात तर झपकन, उलटे गेलात तर घाम. आकाशात अशीच नदी आहे, जेट स्ट्रीम म्हणतात, नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारी. हिवाळ्यात तिच्या मध्यात वाऱ्याचा वेग ताशी २०० च्या वर सहज जातो. आणि लंडन कुठे? पश्चिमेला. म्हणजे जाताना वारा तोंडावर, येताना पाठीवर.

फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळ आलं तेव्हा न्यूयॉर्कहून लंडनला एक जंबो जेट ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं, जमिनीवरचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर. लोकांना वाटलं आवाजाचा वेग तोडला. कसलं काय, विमान त्याच्या नेहमीच्या वेगानंच चाललं होतं, हवाच पळत होती.

इथे एक गैरसमज खोडून काढतो कारण हा मला चांगल्या चांगल्या शिकलेल्या लोकांनी सांगितलाय: पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून पश्चिमेला जाताना लंडन समोरून जवळ येतं, मग कमी वेळ लागायला पाहिजे. असं असतं तर विमान सरळ वर उचलून हवेत उभं करायचं आणि खालून लंडन आलं की उतरवायचं, तिकीट पण स्वस्त पडलं असतं. पृथ्वीबरोबर हवाही फिरते, आपणही फिरतो, विमानही फिरतं. धावत्या लोकलमध्ये डब्याच्या पुढच्या टोकाकडून मागच्या टोकाकडे चालत जायला तुम्हाला काही कमी वेळ लागत नाही. फरक पडतो तो वाऱ्यामुळेच, आणि तोही उलट्या बाजूनं.

आता हिशेब मांडू, मी कागदावर मांडायचो तसा, आकडे सोयीचे घेऊन. प्रत्यक्ष रस्ता धरा ७,५०० किलोमीटर. वारा नसेल तर ९०० नं ८ तास २० मिनिटं. जाताना सरासरी ७० चा वारा तोंडावर आला की जमिनीवरचा वेग ८३०, झाले ९ तास. वर चढताना आणि खाली उतरताना विमान पूर्ण वेगात नसतं, त्याची पंधरा मिनिटं टाका, सव्वानऊ. तिकिटावरचा वेळ विमान गेटवरून मागे ढकलल्यापासून ते तिकडच्या गेटला लागेपर्यंत मोजतात, त्याला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो, चाकांखालचे अडकवलेले ठोकळे काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंत. म्हणजे मुंबईत रनवेपर्यंत रांगत जायची वीस मिनिटं, लंडनला घिरट्या आणि उतरल्यावर गेटपर्यंत रांगणं मिळून पंचवीस. दहा तास झाले ना? येताना तोच वारा पाठीवर, वेग ९७०, पावणेआठ तास, चढउतार पंधरा मिनिटं, दोन्हीकडचं जमिनीवरचं पाऊण तास. पावणेनऊ. त्यावर कंपनी दहा-पंधरा मिनिटं गाळा ठेवते, झाले नऊ.

हा गाळा म्हणजे काय ते सांगितलं की आमच्या लाइनीतले लोक रागावतात, पण सांगतो. वेळेवर पोचण्याचे आकडे कंपन्या मिरवतात, पंधरा मिनिटांच्या आत असलं की वेळेवर. म्हणून वेळापत्रकातच थोडी उसंत ठेवतात. त्यामुळे अर्धा तास उशिरा निघालेलं विमान वेळेवर पोचलं की कॅप्टननं फास्ट मारली असं आपल्याला वाटतं, त्यात कॅप्टनचा हात थोडाच, बाकी सगळं त्या उसंतीचं काम. मुंबई-दिल्लीला हे जास्त उघड दिसतं, अंतर सव्वाअकराशे-साडेअकराशे किलोमीटर, हवेत पावणेदोन तास सुद्धा लागत नाहीत, तिकिटावर मात्र सव्वादोन तास असतात.

घिरट्यांचं पण सांगतो कारण आईंना भीती वाटायची. हीथ्रोला दोन समांतर रनवे आहेत, एकावर उतरवतात आणि एकावरून उडवतात, आणि दिवसभर ते जवळपास काठोकाठ भरलेले असतात. म्हणून लंडनच्या चार बाजूंना चार ठरलेल्या जागा आहेत, बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ओकॅम आणि बिगिन, तिथे विमानं एकावर एक हजार हजार फुटांच्या अंतरानं गोल फिरत थांबतात, खालचं उतरलं की वरची एकेक मजला खाली येतात. पूर्वेकडून येणारी बहुतेक लॅम्बोर्नला. विमान वळतंय, पुन्हा वळतंय, तीच नदी पुन्हा खिडकीत दिसतेय असं झालं तर काही बिघडलेलं नाही म्हणून सांगा, दहा-पंधरा मिनिटांची रांग आहे, दादर स्टेशनबाहेर लोकल थांबते तशी. त्यासाठीचं फ्युएल आम्ही आधीच धरलेलं असतं, आणि त्याशिवाय दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्याचं, आणि त्याही वर अर्धा तास शिल्लक राहील एवढं. मार्च २०२५ मध्ये शेजारच्या वीज सबस्टेशनला आग लागून हीथ्रो अख्खा दिवस बंद पडलं होतं, तेव्हा हवेतली विमानं दुसरीकडे उतरली किंवा माघारी वळली, तो हिशेब आधीच कागदावर असतो म्हणूनच जमतं.

आपल्या मुंबईची तऱ्हा वेगळी. इथेही दोन रनवे आहेत पण एकमेकांना कापणारे, कात्रीसारखे, म्हणून एका वेळी एकच वापरता येतो. एवढ्या एका रनवेवर दिवसाला नऊशेच्या वर विमानं चढतात-उतरतात. त्यामुळे गेटवरून वेळेवर निघालेलं विमान रनवेच्या तोंडाशी नंबर लावून उभं राहणं यात नवल नाही, आणि पावसाळ्यात तर जोराची सर आली की सगळं दहा-वीस मिनिटं ठप्प. आई ऑगस्टमध्ये जातायत म्हणजे हे होऊ शकतं, मनाची तयारी ठेवायची.

पण ऑगस्टचा एक फायदा आहे जो सहसा कोणी सांगत नाही. पावसाळ्यात आपल्या डोक्यावरचा वरचा वारा फिरतो. खाली नैऋत्येचा पाऊस असतो पण वर चाळीस हजार फुटांच्या आसपास वारा पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो. म्हणजे मुंबईहून निघाल्यावर अरबी समुद्र ओलांडेपर्यंत वारा चक्क पाठीवर, तोंडावरचा वारा लागतो तो बराच पुढे गेल्यावर, आणि उन्हाळ्यात तोही जानेवारीएवढा जोरात नसतो. वेळापत्रक मात्र मार्च ते ऑक्टोबरचं एकच असतं. म्हणून ऑगस्टमध्ये लंडनला वीस-पंचवीस मिनिटं लवकर पोचणं अगदी नॉर्मल आहे, मुंबईत रांग लागली नाही तर. घ्यायला येणाऱ्याला सातला नाही, साडेसहालाच फोनवर लाइव्ह बघायला सांगा.

तुम्ही पुण्याचे असाल तर एक जास्तीचा हिशेब. पुण्याहून लंडनला थेट विमान नाही, आणि पुणे ते सहार दीडशे किलोमीटरला गाडीला साडेतीन-चार तास लागतात, पावसात घाटात काही झालं तर देवाचं नाव घ्यायचं. दुपारी दीडचं विमान म्हणजे साडेदहाला विमानतळावर, काउंटर साधारण तासभर आधी बंद होतात, म्हणजे घरून पहाटे पाच-साडेपाचला निघायचं. मग घरून निघाल्यापासून लंडनच्या घरी टेकेपर्यंत वीस तास धरून चाला, त्यात विमानाचे दहाच. लोक तिकिटावरच्या चाळीस मिनिटांसाठी साइट्स पालथ्या घालतात आणि एक्सप्रेस वेवर तीन तास अडकतात. नवी मुंबईचं विमानतळ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालंय, पुणेकरांना ते जवळ पडतं, पण तिकिटावर मुंबई लिहिलंय की नवी मुंबई ते नीट वाचा, उद्या दोन्हीकडून लंडनची विमानं सुटायला लागली की चुकीच्या ठिकाणी जाऊन उभे राहिलेले लोक बघायला मिळणार, लिहून ठेवा.

जाता जाता, दहा तास फार वाटत असतील तर आईंना हे सांगा. मुंबई-लंडन ही एअर इंडिया इंटरनॅशनलची पहिली विमानसेवा, ८ जून १९४८ ला तिचं 'मलबार प्रिन्सेस' नावाचं कॉन्स्टेलेशन विमान निघालं, चार पंख्यांचं, कैरो आणि जिनिव्हाला थांबत लंडनला गेलं. त्याला जाताना पोचायला दिवस उलटला. दोरा तोच, शहरं तीच.

आईंना खिडकीची सीट घ्या, आणि समोरच्या स्क्रीनवर नकाशा लावायला शिकवून ठेवा, त्यात ग्राउंड स्पीड म्हणून एक आकडा दिसतो. समुद्रावर असताना तो ९०० च्या वर दिसेल, युरोपकडे गेल्यावर बहुतेक कमी होईल, बघत बसायला छान विरंगुळा आहे, माझी आई तर शेजारच्या प्रवाशाला पण सांगत बसली होती की वारा लागला बघा आता. हातातलं घड्याळ मुंबईच्या टायमावरच ठेवू द्या, बीपीची गोळी त्यावर घेतील, लंडनचा टाइम फोन आपोआप दाखवेल.

आणि परतीचं तिकीट ऑक्टोबरअखेरचं असेल तर तारीख एकदा पुन्हा बघा. शेवटच्या रविवारनंतरचं असलं तर तोच रात्री ९:१५ चा सुटायचा वेळ आणि तेच नऊ तास धरूनही मुंबईत १०:४५ नाही, ११:४५ होतात, शिवाय कंपन्यांचं हिवाळ्याचं वेळापत्रक त्याच दिवसापासून लागू होतं त्यामुळे सुटायचा टाइमही बदललेला असू शकतो. बुकिंग करताना दिलेल्या ईमेलवर तसं कळवतात, आणि तो ईमेल नव्वद टक्के वेळा मुलाचा असतो, आईचा नसतो.